ठेक्याचे मातृकुळ

आपल्याकडे वादकाच्या नावाला गावाचे नाव जोडले जाते आणि त्या नावावरून त्याच्या ठेक्याचा ठावठिकाणा कळतो. तापीकाठच्या बऱ्हाणपूर शहराने मृदंगवादनास गोविंदराव बऱ्हाणपूरकर दिले. नाना पानसे यांनी इंदूर दरबारी ज्या मृदंगपरंपरेस बहर आणला, तिच्यात गोविंदरावांचा हात घडला. आणि १९५५ साली संगीत नाटक अकादमीने पखवाजवादनासाठी त्यांचा गौरव केला, तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांच्या गावाचेही नाव दिल्लीच्या दप्तरी नोंदले गेले. गोमंतकात उतरावे तर तेथेही हाच रिवाज. चंद्रनाथाच्या पर्वतावरून आलेले पर्वतकर, नागेशीचे नागेशकर, रामनाथीचे रामनाथकर. नाव उच्चारताच देऊळ डोळ्यांपुढे उभे राहते आणि चौकातला तबला ऐकू येऊ लागतो. मुंबईत ३० ऑक्टोबर १९५१ रोजी जन्मलेले आणि पुढे युरोपात ड्रमवादक म्हणून कीर्ती पावलेले त्रिलोक गुर्टू यांच्या नावात मात्र असे कोणतेच गाव नाही आणि कोणतेच देऊळ नाही. गुर्टू हे काश्मिरी पंडितांचे आडनाव. ते वडिलांकडून आले. त्यांचा ठेका कोणाकडून आला, हा या लेखाचा विषय आहे.

त्रिलोक यांच्याविषयी जे काही लिहिले जाते, त्यात ‘पूर्व आणि पश्चिम यांचा संगम’ हे शब्द हटकून येतात. ते खोटे नाहीत, परंतु आळशी आहेत. दोन प्रवाह एकत्र आले एवढे सांगून टीकाकार मोकळा होतो, आणि प्रत्यक्ष वाजविणारा माणूस कोणत्या वृत्तीने वाजवितो हा प्रश्न तसाच राहतो. आमचे म्हणणे असे की, त्रिलोक यांच्या वादनाचे मर्म मिश्रणात नसून साथीत आहे. गाणाऱ्या बाईच्या शेजारी बसून तिच्या श्वासाकडे लक्ष ठेवणाऱ्या साथीदाराची जी वृत्ती कलावंतांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या घोटली गेली, तीच त्यांनी परक्या देशातील परक्या वाद्यावर नेली. जेथे ती वृत्ती जागी आहे, तेथे त्यांचे वादन थोर वाटते. जेथे ती मागे पडते, तेथे कौशल्य तेवढे उरते.

त्यांच्या मातोश्री शोभा गुर्टू यांचा परिचय या मासिकाच्या वाचकांस करून देण्याचे कारण नाही. ठुमरी-दादऱ्याच्या या थोर गायिकेचे माहेरचे नाव भानुमती शिरोडकर. जन्म १९२५ साली बेळगावी. त्यांच्या मातोश्री मेनकाबाई शिरोडकर या व्यवसायाने नृत्यांगना होत्या आणि गायनात उस्ताद अल्लादिया खाँ यांच्या शिष्या होत्या. लहानग्या भानुमतीला अल्लादिया खाँ यांचे धाकटे चिरंजीव भूर्जी खाँ यांची तालीम कोल्हापुरात मिळाली. पुढे मेनकाबाईंना ठुमरी शिकविण्यासाठी उस्ताद घम्मन खाँ मुंबईस त्यांच्या घरी येऊन राहिले, आणि आईसाठी आलेल्या त्या विद्येने लेकीचे गाणे उजळले. विवाहानंतर त्या शोभा गुर्टू झाल्या. सासरे पंडित नारायणनाथ गुर्टू हे बेळगावी पोलिसखात्यातील वरिष्ठ अधिकारी असूनही विद्वान आणि सतारीचे जाणकार होते. शोभाताईंना १९८७ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २००२ साली पद्मभूषण लाभले. २७ सप्टेंबर २००४ रोजी त्या मुंबईत निवर्तल्या. ज्या घरी आजी नाचली आणि गायिली, आई गायिली, त्या घरी त्रिलोक वाढले. तबल्याची रीतसर तालीम त्यांना शाह अब्दुल करीम यांच्याकडे मिळाली.

येथे एका कोकणी शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. गोमंतकातील थोर तबलावादकांच्या नावांना आदराने ‘माम’ हा शब्द लावीत: खाप्रुमाम, वल्लेमाम. कोकणीत ‘माम’ म्हणजे आईचा भाऊ. देवळांच्या आश्रयाने राहिलेल्या कलावंतांच्या घरी कूळ आईवरून चाले. गाणे आणि नाचणे बायकांकडे असे, तर सारंगी आणि तबला त्यांच्या भावांकडे व मुलग्यांकडे. गाणारी पुढे बसे आणि तिचा भाऊ अथवा लेक तिच्या बाजूला. मैफिलीत तिला घसा साफ करावयास उसंत हवी असली, तर एखादे आवर्तन वाढवून ती उसंत देणारा तोच. तिने लय ओढली तर तिच्यामागे जाणारा आणि तिने घाई केली तर तिला नकळत आवरणारा तोच. या कामाला मान थोडा होता आणि बिदागी त्याहून थोडी होती. पण ऐकण्याचे जे शिक्षण त्या जागेवर बसून मिळे, ते कोणत्याही विद्यालयात मिळणारे नव्हते. ‘माम’ या शब्दात ते नाते आणि ते काम दोन्ही साठलेली आहेत.

आता ज्या वाद्यावर त्रिलोक यांनी नाव कमाविले त्याकडे पाहू. ड्रमसेट हे फार जुने वाद्य नव्हे. लष्करी वाद्यवृंदात मोठा ढोल एक वाजवी, लहान ढोल दुसरा आणि झांज तिसरा. अमेरिकेतील नाट्यगृहांच्या कोंदट जागेत इतकी माणसे बसविणे मालकांना जड जाऊ लागले. मोठा ढोल पायाने वाजविता यावा अशा पेडलांचे प्रयोग होत होतेच. १९०९ च्या सुमारास लुडविग यांनी काढलेले पेडल इतके सोयीचे ठरले की तिघांचे काम एकाकडे कायमचे आले. आपल्याकडील देवळात आरतीच्या वेळी घुमट एकाच्या गळ्यात, शामेळ दुसऱ्यापुढे आणि कांसाळें तिसऱ्याच्या हाती असते. या तिघांनाही एकाच माणसाच्या दोन हातांत आणि दोन पायांत बसविले, की ड्रमसेट म्हणजे काय याची कल्पना यावी.

दोन हात आणि दोन पाय यांना चार वेगळी कामे द्यावयाची, ही गोष्ट गोमंतकीयांस मात्र नवलाची नाही. लयभास्कर खाप्रुमाम पर्वतकर हाताने एक ताल, पायाने दुसरा आणि मुखाने तिसरा धरीत आणि सारे ताल समेवर आणून सोडीत, ही हकीकत ज्यांनी ती लीला प्रत्यक्ष पाहिली त्यांनी पुढच्या पिढ्यांना सांगून ठेवली आहे. ड्रमसेटच्या वादकाला जी साधना आवश्यक असते, ती पर्वतावरच्या या पुरुषाने ड्रमसेट न पाहता केली होती. त्रिलोक यांची गोष्ट याच्याशी जुळणारी आहे. तारुण्यात ते पाश्चात्त्य तबकड्या ऐकू लागले, तेव्हा वेगवेगळ्या वेळी मुद्रित केलेले वादनाचे थर एकावर एक चढवितात हे त्यांना ठाऊक नव्हते. जे ऐकू येते ते सारे एकाच वेळी वाजविले जाते अशा समजुतीने त्यांनी ते जसेच्या तसे हातात उतरविण्याचा खटाटोप केला, आणि इतर वादक ज्याच्या वाटेला गेले नसते असे कितीतरी त्यांच्या हातात बसले. हे त्यांनीच सांगितले आहे. यंत्राने केलेली जोड माणसाच्या अंगाने करून पाहण्याचा हा हट्ट त्यांच्या पुढील वादनाचा पाया ठरला.

त्यांची बैठकही पाहण्याजोगी आहे. पाश्चात्त्य ड्रमवादक उंच तिवईवर बसतो. त्रिलोक जमिनीवर अर्धवट गुडघे टेकून बसतात. पायाने वाजवायचा ढोल त्यांनी या बैठकीला साजेल असा स्वतः घडवून घेतला, आणि भोवती तबला, झांजा व शंखशिंपल्यांच्या माळा यांचा पसारा मांडला. पाण्याने भरलेली बादली हे त्यांच्या साहित्यातील एक ठळक अंग. वाजविलेली झांज किंवा शिंपल्यांची माळ ते त्या पाण्यात बुडवितात, आणि नाद थरथरत खाली उतरतो. यात प्रदर्शनाचा भाग नाही असे कोण म्हणेल? पण झांजेला मींड नसते. पाण्यात बुडवून तिच्यातून मींड काढावी ही कल्पना ज्याने लहानपणापासून ठुमरी ऐकली त्यालाच सुचावी, असे आम्हांस वाटते.

त्रिलोक युरोपात स्थिरावत होते त्याच सुमारास पाश्चात्त्य तरुणांत पंक रॉक नावाची एक लाट उठली. १९७६ साली न्यू यॉर्कच्या रमोन्स या चौघांच्या मंडळीची पहिली तबकडी निघाली. तिच्यात ड्रम वाजविणारा टॉमी हा बुडापेस्टला जन्मलेला मुलगा मूळचा ड्रमवादक नव्हताच. मंडळीला हवी तशी सरळ, वेगवान आणि नक्षीविरहित लय कोणी देईना, म्हणून त्याने स्वतःच काठ्या हाती घेतल्या. दोन-दोन मिनिटांची गाणी, एकसारखा धावता ठेका आणि कौशल्याच्या मिरवणुकीचा उघड तिटकारा, हे या पंथाचे स्वरूप. आपल्याकडील जाणत्यांनी यास नाक मुरडण्यापूर्वी भजनी ठेक्याची आठवण करावी. आठ मात्रांचा तो साधा ठेका शेकडो कंठांना एकत्र बांधून ठेवतो, आणि तेथे पखवाजियाने आपली विद्वत्ता काढू लागल्यास वारकरीच त्याला गप्प करतील. टॉमीने साधेपणाने गाणे धरून ठेवले, हेही साथीचेच काम होय. त्रिलोक यांची वाट याच्या उलट, विद्येच्या बाजूने जाणारी. परंतु दोघांनाही एकच प्रश्न सोडवावा लागला: गाण्यासाठी वाजवायचे की स्वतःसाठी?

त्रिलोक यांच्या कारकीर्दीत या प्रश्नाचे उत्तर तीन ठिकाणी स्पष्ट ऐकू येते. पहिले ठिकाण ‘ओरेगॉन’ या अमेरिकन वादकमंडळीचे. तिचे तालवादक कॉलिन वॉलकॉट यांनी पंडित रविशंकर आणि उस्ताद अल्लारखा यांच्याकडे शिक्षण घेतले होते. नोव्हेंबर १९८४ मध्ये जर्मनीत वाहनाच्या अपघातात त्यांचा अंत झाला. त्यांच्या रिकाम्या जागी त्रिलोक आले आणि त्यांनी या मंडळीबरोबर तीन तबकड्या केल्या. मृताच्या जागी बसणे हे साथीतील सर्वांत नाजूक काम होय. त्याची नक्कल करून चालत नाही, आणि त्याला पुसून टाकूनही चालत नाही. ‘इकोटोपिया’ (१९८७) या तबकडीत त्रिलोक यांचा हात जपून चालतो. मौनाला जागा ठेवतो. एरवी चपळ म्हणून वाखाणलेला हा वादक किती थांबू शकतो, हे पाहावयाचे असेल तर येथे पाहावे.

दुसरे ठिकाण गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या त्रयीचे. लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये २७ नोव्हेंबर १९८९ रोजी झालेल्या मैफिलीची तबकडी पुढील वर्षी निघाली. गिटार, बास गिटार आणि तालवाद्ये एवढाच संसार. तिघांपैकी कोणालाही लपावयास जागा नाही. या त्रयीच्या मैफिलींत वाद्ये बाजूला ठेवून तोंडाने बोल म्हणण्याचा प्रकार रंगत असे. दक्षिणेत त्यास कोन्नक्कोल म्हणतात, आपण पढंत म्हणतो. परदेशी श्रोत्यांना त्यात चमत्कार वाटला. आपण मात्र जाणतो की, तबल्याचा बोल आधी जिभेवर येतो आणि मग बोटांत उतरतो. तो पाठ नसेल तर हातही पाठ होत नाही. या तबकडीतील एका दीर्घ रचनेचे नाव ‘मदर टंग्ज’, म्हणजे मातृभाषा, असे आहे. नाव मॅक्लॉफ्लिन यांनी दिलेले. पण ज्याच्या घरी लय तोंडाने बोलली जात होती त्याला ते नेमके लागू पडते.

तिसरे आणि आमच्या मते सर्वांत मोलाचे ठिकाण म्हणजे ‘उस्फ्रेत’ (१९८८) ही त्रिलोक यांच्या स्वतःच्या नावाने निघालेली तबकडी. तिच्यात त्यांनी आईला गावयास बोलाविले, आणि एका रचनेस ‘शोभारॉक’ असे नाव दिले. आईचे नाव आणि रॉक हा शब्द एका दोऱ्यात ओवणारे हे नाव प्रथम ऐकताना कानाला खटकते. कोणाला त्यात अविनयही वाटेल. रचना ऐकल्यावर तो ग्रह टिकत नाही. शोभाताईंचा आवाज येथे जसा आहे तसाच येतो. त्याला पाश्चात्त्य वेष चढविलेला नाही, किंवा परक्या श्रोत्यांसाठी त्याची धार बोथट केलेली नाही. खाली बास गिटार आणि ड्रम यांचा दणका चालू असता तो आवाज आपल्या गतीने, आपल्या ऐटीत चालतो. आणि तो चालू शकतो याचे श्रेय मुलाच्या हाताकडे जाते. तालवाद्यांचा एवढा दारूगोळा जवळ असताना तो आवाजाच्या अंगावर जात नाही. तो त्याच्या भोवती फिरतो, त्याला वाट देतो, आणि आवाज थांबला की मगच पुढे येतो.

ही मांडणी नवी म्हणून गौरविली गेली. ती नवी आहेच. पण तिच्या आत जी बैठक आहे, ती आपल्या ओळखीची आहे. बाई गाते आहे आणि तिचा लेक बाजूला बसून ठेका धरतो आहे. तबकडीवर नाव मुलाचे, पण रचनेवर नाव आईचे. मेनकाबाईंच्या काळी साथीदाराचे नाव कोणी छापले नसते. येथे साथीदारच यजमान झाला आणि यजमान झाल्यावरही त्याने साथ सोडली नाही. या एका रचनेसाठी त्रिलोक गुर्टू यांना गोमंतकीय लयकारांच्या पंक्तीत बसवावे, असे आम्हांस वाटते.

याच न्यायाने उणे काय तेही सांगितले पाहिजे. पुढील काळात त्यांच्या तबकड्यांवर पाहुण्यांची दाटी होत गेली. ‘क्रेझी सेंट्स’ (१९९३) मध्ये पॅट मेथेनी आणि जो झाविनुल यांच्यासारखे दिग्गज आले. ‘आफ्रिकन फँटसी’ (२०००) मध्ये आफ्रिकी गायक आले. ‘ब्रोकन रिदम्स’ (२००४) मध्ये सैबेरियाच्या सीमेवरील तुवा प्रांताचे कंठगायक, इटलीचे तंतुवादक आणि रॉक गिटारवादक गॅरी मूर एकत्र आले. प्रत्येक पाहुणा आपल्या जागी मोठा. पण यजमान दर घटकेला नव्या पाहुण्याच्या स्वागतास उठत असेल, तर तो कोणाच्याच जवळ पुरेसा बसत नाही. साथीला सहवास लागतो. घम्मन खाँ शिकवावयास आले ते घरी राहावयास आले, हे येथे विसरता येत नाही. अशा कित्येक रचनांत लय बिनचूक आहे, कौशल्य थक्क करणारे आहे, आणि तरीही कोण कोणाला ऐकतो आहे हे उमगत नाही. परदेशी नियतकालिकांच्या मतदानात त्यांना वारंवार श्रेष्ठ तालवादक ठरविले गेले. तो मान योग्यच होय. परंतु श्रेष्ठ तालवादक ठरण्यासाठी साथ करावी लागत नाही, आणि त्यांचे श्रेष्ठत्व आमच्या दृष्टीने साथीतच आहे.

कोणी विचारील, देवळाशी नाते सांगणाऱ्यांनी या दणदणाटाचे कौतुक का करावे? २०१९ साली त्रिलोक यांनी आपल्या तबकडीस ‘गॉड इज अ ड्रमर’ असे नाव दिले. देव ड्रमवादक आहे हे विधान पाश्चात्त्याला धिटाईचे वाटेल. आपल्याला ते पुराणातले वाटते. नटराजाच्या हाती डमरू आहे. त्या डमरूच्या चौदा घोषांतून पाणिनीला व्याकरणाची सूत्रे मिळाली अशी आपली श्रद्धा आहे. आणि शिवाच्या नृत्याला मृदंगाची साथ नंदी करतो असे आपली शिल्पे दाखवितात. देव नाचतो आणि कोणीतरी त्याच्यासाठी ठेका धरतो, हे चित्र ज्या समाजाच्या डोळ्यांपुढे रोज आहे, त्याने ड्रम या शब्दाला भिण्याचे कारण नाही. भ्यावयाचे तर त्याने आपल्या विस्मृतीला भ्यावे.

कारण हा प्रश्न एका परदेशस्थ वादकाच्या कीर्तीपुरता नाही. २०१९ सालीच गोवा शासनाने घुमटाला राज्याचे वारसावाद्य म्हणून मान्यता दिली. वाद्याला मान मिळाला हे उचितच झाले, वाजविणाऱ्याचे काय? उत्सवाची पत्रिका उघडावी. तीत यजमानांची नावे असतात, देणगीदारांची असतात, कीर्तनकारांची आणि गायकांची असतात. तबला-पखवाज वाजविणाऱ्याच्या वाट्याला पुष्कळदा ‘साथसंगत’ एवढा एकच शब्द येतो आणि घुमटवाल्यांच्या वाट्याला तोही येत नाही. ज्या समाजातील मामांनी पिढ्यान्‌पिढ्या नाव न छापता वाजविले, त्यांचाच नातू जगाच्या रंगमंचावर गेल्यावर त्याच्याशी आपले नाते सांगणे सोपे आहे. मग ते नाते घरीही पाळावयास हवे.

देवस्थानांच्या समित्यांना आमची सूचना साधी आहे. पुढच्या उत्सवाच्या पत्रिकेत ठेका धरणाऱ्याचे पूर्ण नाव छापावे, त्याच्या गावासह. बऱ्हाणपूरचे नाव एका मृदंगवाद्याच्या आडनावातून अकादमीच्या यादीत गेले, तसे एखाद्या लहान वाड्याचे नाव आपल्या पत्रिकेत तरी जाईल. आणि रात्री गाणे सुरू झाले, की श्रोत्यांनी घटकाभर गाणाऱ्यावरून नजर काढून तिच्या बाजूला बसलेल्याच्या हातांकडे पाहावे. तो कोणाकडे पाहतो आहे, हे ध्यानात घ्यावे. ‘शोभारॉक’ ऐकावयाची ती एवढी तयारी झाल्यावर.